पहिली चढाई कुणाची? महाविद्यालयीन कबड्डी संघ बांधण्याची साहित्य-कृतीसह पद्धत

अमेरिकेत ऑगस्ट उजाडला की कॉलेजच्या फुटबॉल संघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : यंदा क्वार्टरबॅक कोण? मैदानात गडी अकरा, पण डाव सुरू होताच चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो कुठे धाडायचा हे जो ठरवतो, तो एकच. त्या एका जागेसाठी दोघे-तिघे महिनाभर घाम गाळतात, प्रशिक्षक ‘सगळेच तयारीत आहेत’ असं सांगत दिवस काढतो आणि गावभर पैजा लागतात.

बीड जिल्ह्यातही हे सगळं होतं. फक्त चेंडू नसतो.

इथे क्वार्टरबॅकची जागा कबड्डीतल्या पहिल्या चढाईपटूची. अंबाजोगाई असो, माजलगाव असो की आष्टी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं पत्रक आलं, की ज्यांना कागदावर ‘शारीरिक शिक्षण संचालक’ आणि पोरांमध्ये ‘फिजिकलचे सर’ म्हणतात, त्यांची झोप उडते. पुढील मार्गदर्शन खास त्यांच्यासाठी.

साहित्य

मैदान एक (१३ मीटर बाय १० मीटर, मोजून). फक्की एक पोतं. शिट्टी एक, शक्यतो वाजणारी. खेळाडू बारा; पैकी सात मैदानात, पाच राखीव आणि यादीत नसलेले चार ‘सर, मला का नाही’ असं विचारणारे. चढाईपटू दोन, एकमेकांशी न बोलणारे. चहा गरजेनुसार.

कृती

१. आधी मैदान शोधून काढावे. मैदान कॉलेजच्या नकाशात असतंच; प्रत्यक्षात ते जून-जुलैमध्ये काळ्या मातीखाली गेलेलं असतं. या मातीचा गुण असा, की कोरडी असताना ती गुडघे सोलते आणि ओली झाली की चप्पल ठेवून घेते. रोलर फिरवावा, खडे वेचावेत, वरून चाळलेली माती पसरावी, फक्कीने मध्यरेषा, निदान रेषा आणि बोनस रेषा आखावी. रात्री पाऊस येईल. सकाळी पुन्हा आखावी. तिसऱ्या दिवशी खेळाडू स्वतःहून म्हणतील, ‘‘सर, रेषा ध्यानात हायेत, राहू द्या.’’ इथे ठाम राहावे. रेषा ध्यानात असलेल्या खेळाडूचाच पाय लॉबीत पडतो.

स्पर्धा मॅटवर झाल्यास काय, हा प्रश्न या पायरीवर कुणीही काढू नये. मातीत घोटापकड करताना माणूस घसरत जातो, मॅटवर जागीच खिळतो. मातीत अनवाणी पाय चालतात, मॅटवर बूट लागतात. हे ज्ञान स्पर्धेच्या ठिकाणी, पहिल्या सामन्यात, उत्तम प्रकारे मिळते.

२. मग खेळाडू जमवावेत. पहाटे पाच वाजता मैदानावर साठ पोरं पळताना दिसतील. संघ मोठा झाला म्हणून हुरळून जाऊ नये. ती भरतीची पोरं. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची : १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. चढाईला तिथे गुण नाहीत. कबड्डीच्या बाजूने बोलायला सरांपाशी एकच मुद्दा उरतो, तो म्हणजे शासकीय नोकरीत खेळाडूंना असलेलं पाच टक्के आरक्षण. तो हळू आवाजात मांडावा, कारण ‘कोणत्या पातळीवरचं प्रमाणपत्र लागतं, सर?’ हा पुढचा प्रश्न लगेच येतो.

पळणाऱ्यांना हिणवूही नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटकडून सियाचीनची थंडी आणि राजस्थानचं ऊन पाहून आला, आणि क्रॉसकंट्री पळता पळता २०१७ मध्ये प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. पुढच्याच वर्षी त्याने ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. तात्पर्य, कोपऱ्यावर उभा केलेला पोरगा कदाचित चढाईचाच असेल, हे तपासायला सरांनी विशीतल्या खेळाडूला एक तरी संध्याकाळ द्यावी.

३. कागदपत्रं गोळा करावीत. खेळाडू जमतो, त्याचा पात्रता अर्ज जमत नाही. बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, जन्मतारखेचा पुरावा, फोटो. ज्याचा घोटा सगळ्यात मजबूत, त्याचीच फी भरायची राहिलेली असते. ज्याची सगळी कागदपत्रं पहिल्याच दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत व्यवस्थित येतात, तो राखीव खेळाडू होय. त्याच्याकडे आत्ता लक्ष देऊ नये. ते शेवटच्या पायरीत द्यायचे आहे.

४. चढाओढ लावावी. हा मार्गदर्शनाचा गाभा. प्रत्येक कॉलेजात दोन चढाईपटू असतात : एक हातवाला, एक पायवाला. हातवाला उंच, लांब बाहूंचा. मध्यरक्षकाला बोटाच्या टोकाने टिपून, वळून, मध्यरेषेवर अंग टाकतो. पायवाला आखूड बांध्याचा; कोपऱ्याला गाफील गाठून लाथ मारतो आणि सहाजण समोर असले की बोनस काढून येतो. हातवाल्याला वाटतं बोनस म्हणजे भीक. पायवाल्याला वाटतं हात लावणं म्हणजे नशीब.

दोघांना रोज समोरासमोर तीस-तीस सेकंदांच्या चढाया द्याव्यात आणि वहीत नोंद ठेवावी : गुण किती, रिकाम्या चढाया किती, पकड किती वेळा झाली. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई वेगळ्या रकान्यात लिहावी, कारण तिच्यात गुण घेऊन यायचं नाहीतर बाहेर बसायचं. आठवडाभराने वही उघडली की दिसेल, पुढे असताना हातवाला राजा असतो. संघ लोण खाऊन सात गड्यांचा पुन्हा उभा राहिला, की पायवाला कामाला येतो. म्हणजे निर्णय झाला नाही. वही मिटावी.

५. फोनला उत्तर द्यावे. या सुमारास फोन येतो. ‘‘सर, आपला पोरगा हाय तो, जरा बघा की.’’ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाचा फोन येतो, पोरगा दुसरा, वाक्य तेच. दोघांनाही ‘‘व्हय भाऊ, बघतो’’ म्हणावे. हे खोटे नाही, सर रोज दोघांनाही बघतातच. मात्र बसस्टँडसमोर ‘निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असा फ्लेक्स लागला, तर घाबरून जाऊन त्याच पोराची निवड करू नये. फ्लेक्सवर संघातल्या सात जणांपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त असतील, तेही मोजू नयेत.

६. निर्णय लांबणीवर टाकावा. ही कला परदेशातूनही शिकता येते. १९९९ साली मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक लॉइड कार यांच्यापुढे दोन क्वार्टरबॅक होते, टॉम ब्रेडी आणि ड्र्यू हेन्सन. त्यांनी तोडगा काढला : सामन्याचा पहिला पाव भाग ब्रेडीचा, दुसरा हेन्सनचा आणि मध्यंतराला ठरवायचं, पुढे कोण. हा प्रयोग हंगामाच्या पूर्वार्धात चालला. पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा ब्रेडीचा नंबर १९९ वा लागला. नंतर त्याने सात सुपर बोल जिंकले. मिशिगनची वही कुणी जपून ठेवली असेल, तर ती आपल्या सरांच्या वहीसारखीच दिसेल.

कबड्डीत मध्यंतर पाच मिनिटांचं. त्यात पाणी प्यायचं, घोट्याला पट्टी बांधायची, पंचांशी हुज्जत घालायची. मुख्य चढाईपटू बदलायला वेळ उरत नाही. म्हणून बीडच्या पद्धतीत कर्णधारपद एकाला आणि पहिली चढाई दुसऱ्याला देतात. कर्णधाराचा मान खरा असतो : केज तालुक्यातलं कळंबआंबा हे मूळ गाव असलेल्या प्रियंका इंगळे हिने जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या महिला खो-खो संघाचं नेतृत्व केलं आणि पहिल्याच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. पण कॉलेजात कर्णधारपद मिळालेला पोरगा घरी जाऊन सांगतो, ‘‘मला कर्णधार केलं,’’ आणि आई विचारते, ‘‘मग चढाईला कामून नाही?’’ यावर उपाय सापडलेला नाही.

७. दुसऱ्याला धरून ठेवावे. निवड न झालेला चढाईपटू दोन दिवस येत नाही. तिसऱ्या दिवशी येतो, पण मोबाइल बघत बसतो. त्याला भाषण देऊ नये, उदाहरण द्यावे. अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स जानेवारी २०१८ मधल्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात मध्यंतराला बाकावर बसवला गेला. त्याच्या जागी आलेल्या तुआ टॅगोवायलोआने सामना जिंकून दिला. हर्ट्स संघ सोडून गेला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तुआ जायबंदी झाला, तेव्हा हर्ट्सने उतरून तसाच एक हातचा गेलेला सामना फिरवला.

अलाबामा लांब वाटली तर बीडचाच सचिन धस सांगावा. सहा फेब्रुवारी २०२४, बेनोनी, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. दक्षिण आफ्रिकेने २४५ धावांचं लक्ष्य दिलेलं, भारत ४ बाद ३२. सहाव्या क्रमांकावर आलेल्या सचिनने कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावा जोडल्या आणि ९५ चेंडूंत ९६ केल्या. भारत दोन गडी राखून जिंकला. सहावा क्रमांक त्याने मागून घेतला नव्हता. त्याची आई पोलीस खात्यात आहे आणि एकेकाळची कबड्डीपटू, हे शेवटी सांगावे. पोरगा मोबाइल खाली ठेवतो तो या वाक्याला.

८. संघ घेऊन निघावे. यादी विद्यापीठाला गेली, शिक्के बसले. बीडहून अहिल्यानगरला १७ सप्टेंबर २०२५ पासून रेल्वे सुरू झाली आहे, पण विद्यापीठ त्या रस्त्यावर नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरसाठी लालपरीच पकडावी, सकाळची पहिली.

इथे एक सूचना, जी कोणत्याही क्रीडा नियमावलीत नाही. यादी करताना कारखान्यांच्या गाळपाची तारीख बघून घ्यावी. दिवाळीच्या आगेमागे जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकाने अंथरूण धरलं तर कोयता अर्धा होतो; मुकादमाची उचल मात्र पुरी घेतलेली असते. अशा वेळी वही, फ्लेक्स, फोन, मिशिगन, सगळं बाजूला राहतं आणि अर्ध्या कोयत्याच्या जागी घरातला धडधाकट पोरगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो.

बसस्टँडवर सरांनी गडी मोजावेत. अकरा भरतात. हातवाला नाही. फोन लावावा, मागून ट्रॅक्टरचा आवाज येतो आणि पोरगा म्हणतो, ‘‘सर, कराडकडं निघालोय. आईचं दुखणं निघालं. पायवाल्याला सांगा, डाव्या कोपऱ्याचा गडी लवकर बसतो, त्याला वरून टिपायचं.’’

मग सरांनी बॅगेतून एक नंबरची जर्सी काढून पायवाल्याकडे द्यावी आणि प्लास्टिकच्या पिशवीवाल्या राखीव पोराला बूट आहेत का, ते विचारावे. तो म्हणेल, आहेत. जुलैपासून रोज आणतोय. पायवाला जर्सी मांडीवर घेऊन खिडकीशी बसतो, बाहेर बघत विचारतो, ‘‘सर, डावा कोपरा त्याचा डावा का आपला डावा?’’ तेवढ्यात कंडक्टर डबल बेल देतो.