मद्यालयांची मार्गदर्शित प्रदक्षिणा

ठरावीक पैसे भरायचे, मनगटाला रंगीत पट्टा बांधून घ्यायचा, वाटाड्याच्या मागे तीन-चार बार हिंडायचे आणि प्रत्येक बारमध्ये जरा रंग भरू लागला की वाटाड्याच्या शिट्टीवर उठायचे, या रात्रकालीन उपक्रमाला पब क्रॉल म्हणतात. सहभागी मंडळी बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. पहिल्या बारमध्ये नावे विचारली जातात, दुसऱ्यात ती विसरली जातात आणि तिसऱ्यात सगळेच एकमेकांचे जिवलग होतात. युरोपातल्या पर्यटकी शहरांत हा प्रकार रुजला आणि गोव्यात बागा-कळंगुटच्या पट्ट्यात स्थिरावला. मुंबई-पुण्यातही तो अधूनमधून भरतो. देवपुरात तो अजून आलेला नाही. देवपूरकर मात्र त्याच्यापर्यंत पोचले आहेत.

देवपूर म्हणजे पांझरा नदी ओलांडली की लागणारे धुळे. एकवीरा देवीचे मंदिर, महाविद्यालये, वसतिगृहे, शिकवणीचे वर्ग आणि निवृत्त शिक्षकांच्या कॉलन्या अशी या भागाची घडण आहे. अशा वस्तीत मद्यपानाचे मुख्य कौशल्य पिण्यात नसून न दिसण्यात असते. मोटारसायकल बारसमोर लावायची नाही, शेजारच्या मेडिकलसमोर लावायची. वाइन शॉपमधून निघताना काळी पिशवी शर्टाच्या आत जाते, आणि कोपऱ्यावर कोणी “कथा चालना रे भो?” म्हणजे कुठे चाललास, असे विचारलेच तर उत्तरात आजारी आत्या असते. बहुतेक कुटुंबांतल्या आत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आजारी पडतात, याची नोंद एखाद्या आरोग्य सर्वेक्षणाने घ्यायला हवी. सर्वांत सुरक्षित जागा अर्थातच नदीपलीकडची किंवा हायवेवरची, कारण तिथे भेटणारा ओळखीचा माणूसही आपल्या आत्यालाच बघायला आलेला असतो.

अशा मिनतवारीने टेबल मिळाल्यावर ते सोडण्याचा विचार कोणी करत नाही. परमिट रूममधली खानदेशी बैठक स्थिर असते. आधी भाजलेले शेंगदाणे, कांदा-टोमॅटो आणि लिंबाची फोड येते, मग मसाला पापड. वेटर रिकाम्या बाटल्या उचलत नाही, टेबलाखाली पायांशी उभ्या करून ठेवतो. रात्री बिल करताना तो खाली वाकून त्या मोजतो आणि त्याच्या मोजणीशी वाद घालणारा गडी स्वतः वाकला की बहुधा वर येत नाही. शेवटी शेवभाजी, भाकरी आणि बिल कोण देणार यावरची हातघाई. या सगळ्यात खुर्ची एकदाच ओढली जाते. म्हणून दर पाऊण तासाला राजीखुशीने उठायचे ही पब क्रॉलची अट इथल्या माणसाला आधी कळत नाही आणि कळली तरी पटत नाही.

तरीही तो पैसे भरतो. त्यामागचे कारण दारूत नाही, दारात आहे. बागाच्या ज्या गल्लीचे नाव 1971 सालापासूनच्या टिटोज क्लबवरून पडले, त्या गल्लीच्या तोंडाशी रात्री दहा वाजता चार तरणे देवपूरकर उभे आहेत असे समजावे. अंगात त्याच दुपारी घेतलेले फुलाफुलांचे शर्ट. शर्टांचे रंग वेगळे, दुकान एकच. या पट्ट्यातल्या क्लबांत जोडप्याला प्रवेश सुलभ असतो, बायकांना पुष्कळदा फुकटही असतो. नुसत्या पुरुषांच्या घोळक्याला तिथे स्टॅग म्हणतात आणि त्याच्याकडून वेगळे, चढे पैसे घेतात किंवा त्याला सरळ परत पाठवतात. दारावरचा धिप्पाड माणूस चौघांकडे एकदाच बघतो. चौघांतला धाकटा दुसऱ्याच्या मागे सरकतो. गावात ज्याच्या काकांच्या नावावर सोसायटीची निवडणूक लढवली जाते, त्यालाही इथे “सर, कपल ओन्ली” एवढेच ऐकायला मिळते. काकांना फोन लावण्याची सूचना पुढे येते, पण काकांना गोवा सांगितलेला नसून कंपनीचे ट्रेनिंग सांगितलेले असते.

पब क्रॉल ही या अडचणीवरची सोय आहे. तो चालवणारा पंचवीस-तीस लोकांचा मिश्र जमाव जमवतो. त्यात बंगळुरूच्या मैत्रिणी असतात, दिल्लीचे नवविवाहित असतात, एखादा एकटा इस्रायली असतो आणि या सर्वांच्या पोटात चार स्टॅग बिनबोभाट दारातून आत जातात. घेतलेल्या पैशांपैकी पेयाचे किती आणि बायकामाणसांच्या शेजारी उभे राहण्याचे किती, हा हिशेब कोणत्याही पावतीवर वेगळा दाखवलेला नसतो. जीएसटी खात्याच्याही ते लक्षात आलेले दिसत नाही.

दुसरा लाभार्थी बार. रात्री नऊ ते अकरा या वेळात बहुतेक बार ओस असतात आणि ओस बारमध्ये रस्त्यावरचा माणूस शिरत नाही. गर्दीला गर्दी लागते. क्रॉलवाला नेमक्या त्या वेळी तीस माणसे आणून सोडतो, त्याबदली मालक त्याला स्वस्तात शॉट देतो किंवा दरडोई काही ठरवतो. म्हणजे एरवी दुकान भरल्यासारखे दिसावे म्हणून ज्यांना पैसे देऊन बसवायला हवे, तीच माणसे इथे पैसे देऊन बसतात. या कल्पनेला व्यवस्थापनशास्त्रात जागा मिळायला हरकत नाही.

स्वागताचा फुकट शॉट प्लॅस्टिकच्या बोटभर पेल्यात येतो. तो निळा किंवा हिरवा असतो, गोड असतो, आणि त्यात मद्य किती हे रंगावरून ओळखता येत नाही, चवीवरूनही नाही. मग वाटाडा नियम सांगतो: पट्टा काढायचा नाही, ग्रुप सोडायचा नाही, मागे राहिल्यास कंपनी जबाबदार नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार होतो आणि हजेरी घेतली जाते. झेंडा धरलेल्या टूर मॅनेजरच्या मागे अष्टविनायक ते युरोप सर्व काही पाहिलेल्या मराठी माणसाला इथपर्यंत काहीच नवखे वाटत नाही. फक्त “दर्शन घेऊन पंधरा मिनिटांत बसमध्ये” या वाक्यात थोडा बदल असतो. पुढे खेळ होतात. ज्याचे नाव चुकले त्याने प्यायचे, ज्याला नाव आठवले त्यानेही प्यायचे. स्वच्छंदी आयुष्याची एक रात्र म्हणून विकल्या जाणाऱ्या या वस्तूत स्वच्छंदाला राखून ठेवलेला वेळ साधारणपणे दुसऱ्या आणि तिसऱ्या बारमधला असतो, तोही रस्ता ओलांडण्यापुरता.

चालत जाण्याला मात्र तोड नाही. मोटार वाहन कायद्यानुसार रक्तात 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश घेऊन गाडी चालवणे हा गुन्हा आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 10 हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. खानदेशाला पायी चालायची सवय त्याआधीच सर्वोच्च न्यायालयाने लावली होती. 15 डिसेंबर 2016 च्या निकालाने हायवेपासून 500 मीटरच्या आतली मद्यविक्री 1 एप्रिल 2017 पासून बंद झाली. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग ज्याच्या अंगावरून जातात त्या धुळ्यासारख्या शहरात हा नियम लावू लागले की नकाशावर बारसाठी जागा उरते ती फार थोडी. केरळात एका बारमालकाने जागा न बदलता दारापर्यंत नागमोडी भिंती बांधून अंतर वाढवले होते. शहरांच्या हद्दीत हा नियम लागू नाही असा खुलासा त्याच वर्षी जुलैत न्यायालयाने केला, तेव्हा कुठे जुनी दारे जुन्या जागी उघडली.

महाराष्ट्रात पब क्रॉल कायदेशीरपणे करायचा तर आधी परवान्याचे पाहावे लागते. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. विदेशी मद्याच्या एका दिवसाच्या परवान्याला 5 रुपये पडतात, आजीवन परवान्याला 1,000. बिअर-वाइनसाठी वय 21, कडक दारूसाठी 25. या परवान्याच्या मजकुरात, धारकाला मद्य आरोग्य टिकवण्यासाठी लागते असे गृहीत धरलेले आहे. त्या न्यायाने चार बार फिरणारा तीस जणांचा जमाव हे आरोग्य शिबिरच ठरते, आणि मेडिकलसमोर मोटारसायकल लावणारा देवपूरकर कायद्याच्या भाषेत फारसे खोटे वागत नाही. मुंबई-पुण्यात बार रात्री दीडपर्यंत चालतात. तिथे एका दिवसाचा परवाना बाराच्या ठोक्याला संपतो की पेला संपेपर्यंत टिकतो, हा प्रश्न कोणत्याही बारमध्ये कोणी उपस्थित केल्याचे ऐकिवात नाही.

आरोग्य राखणे अलीकडे महाग झाले आहे. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेले आणि 180 मिलिलिटरची किमान किंमत 205 रुपये ठरवली. परमिट रूममधला व्हॅटही पाचाचा दहा टक्के झाला होता. 14 जुलै 2025 रोजी राज्यातल्या हॉटेल-बारचालकांनी निषेधाचा बंद पाळला. मालकांनी स्वखुशीने पाळलेला हा ड्राय डे असल्यामुळे त्या दिवशी नेमका कोणाचा निषेध करावा हे गिऱ्हाइकाला ठरवता आले नाही.

देवपुराहून गोवा गाठण्याचे मार्ग सुधारले आहेत. पूर्वी मनमाडला जाऊन रेल्वे धरायची किंवा पुण्यापर्यंत स्लीपर कोचमध्ये वळकटी व्हायचे. एप्रिल 2024 मध्ये फ्लाय91 या गोव्याच्या कंपनीने जळगावहून थेट गोव्याचे विमान सुरू केले. विमान छोटे, पंख्याचे, आणि त्यात ओळखीचे माणूस भेटण्याची शक्यता एसटीइतकीच.

जवळचा आणि सभ्य पर्याय नाशिकचा आहे. सुला ही वाइन कंपनी 1999 मध्ये स्थापन झाली, 2005 मध्ये तिने चव घेण्याची खोली उघडली आणि पुढे नाशिकच्या परिसरात एका वायनरीतून दुसरीत नेणाऱ्या सहली सुरू झाल्या. हाही मार्गदर्शित क्रॉलच, फक्त दिवसाउजेडी, कुटुंबासह आणि ग्लास नाकाशी धरून. मार्गदर्शक ओक लाकडाचा वास शोधायला सांगतो. खानदेशी पाहुण्याला द्राक्षाचा येतो, आणि पाहुणा शेतकरी असल्यामुळे तोही भावासकट येतो. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तेव्हा वाइनला दारू म्हणावे की शेतमाल यावर राज्यभर इतकी चर्चा झाली की निर्णय अमलात आणायचा राहूनच गेला.

डब्लिनमध्ये 1988 पासून साहित्यिक पब क्रॉल चालतो. नट मंडळी एकेका पबमध्ये जॉइस, बेकेट यांच्या लेखनातले प्रवेश करून दाखवतात. धुळ्यात असे काही काढायचे म्हटले तर साहित्याची वानवा नाही. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली इथेच वारले आणि त्यांची दप्तरे सांभाळणारे संशोधन मंडळ अजून उभे आहे. विनोबांनी 1932 मध्ये गीतेवरची प्रवचने धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. अडचण एवढीच की या मार्गावरच्या प्रत्येक थांब्यावर श्रोत्याला पाणी मिळेल. तुरुंगात तेही माठातले.

ज्या युरोपातून हा उपक्रम आला तिथे त्याला आता हाकलणे सुरू आहे. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2020 मध्ये मागालुफसारख्या ठिकाणी पब क्रॉलवर बंदी घातली. प्रागच्या नगर परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळातल्या मार्गदर्शित क्रॉलना मनाई केली. तिथल्या रहिवाशांना झोप हवी होती. महाराष्ट्रात रहिवाशांच्या हाती यापेक्षा मोठे हत्यार 2008 च्या नियमांनी दिले आहे: वॉर्डातल्या 25 टक्के महिला मतदारांनी दारूचे दुकान बंद करण्याची मागणी केली तर महिलांचे मतदान होते, मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. मतदानाला न आलेल्या बाईचे मत त्यामुळे आपोआप उभ्या बाटलीला जाते. अशा मतदानात पुरुषांना मत नाही, आणि त्या दिवशी बायकोला केंद्रावर सोडायला कोणी मोटारसायकल काढत नाही हेही स्वाभाविक आहे.

क्रॉल संपण्याची वेळ छापील असते, रीत नसते. शेवटच्या बारमध्ये वाटाडा पाच तारे द्यायची विनंती करून नाहीसा होतो आणि तीसपैकी उरलेले नऊ-दहा जण एकमेकांना आपापल्या गावी येण्याचे आग्रहाचे निमंत्रण देतात. देवपूरकर यात सर्वांत पुढे असतात, भरीत-भाकरीसकट. दुसऱ्या दिवशी बंगळुरूची मैत्रीण खरेच जळगावच्या विमानाची चौकशी करते, तेव्हा आत्या पुन्हा आजारी पडते. नंतर उरते ते फोटोंचे काम. समुद्राचे, चर्चचे आणि नारळपाण्याचे वेगळे काढून ते घरच्या ग्रुपवर जातात, तेही ट्रेनिंगला सुटी मिळाली या खुलाशासह. निळ्या शॉटचे फोटो स्टेटसला लागतात, पण त्याआधी ते कोणाकोणाला दिसू नयेत हे ठरवावे लागते. काका, दोन्ही मामा, होणारे सासरे, सोसायटीचे चेअरमन, कॉलेजचे सर, गल्लीतला मेडिकलवाला अशी खूण करत गेले की स्टेटस पाहू शकणारे उरतात ते तिघे, आणि ते तिघेही त्याच फोटोत असतात.