माणशी किती पडते?

घोडेगावच्या बाजारात म्हैस बघणारा माणूस आणि हार घातलेली नवी गाडी दिसली की रस्त्यात थांबणारा माणूस, दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो: "किती देते?" फरक एवढाच, की म्हैस लिटर देते आणि गाडी लिटर खाते. आमच्या तात्यांना हा फरक किरकोळ वाटतो. मागे एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे पाहुणे म्हणाले, "वीस देते, पण ऊन वाढलं की पंधरावर येते." तात्यांनी लगेच त्यांना एसी बंद ठेवायचा सल्ला दिला. पाहुणे त्यांच्या एचएफ गायीबद्दल बोलत होते.

तात्या माझे चुलत चुलते. तसा प्रत्येक भावकीत एक ॲव्हरेजवाला असतोच, पण नगर जिल्ह्यात त्याला मान जास्त. जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, तालुके चौदा. अकोल्याच्या मावशीनं जामखेडच्या लग्नाला यायचं ठरवलं तर जिल्हा न सोडता तिचे दीडशेच्या वर किलोमीटर होतात. (जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं. तात्या नवं नाव आदरानं घेतात; अंतर मात्र अजून 'नगरपासून' मोजतात.)

त्यांची उभी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी करून निव्वळ ऊस. काट्याबद्दल शेतकरी काय काय बोलतात ते जगजाहीर आहे, आणि तो विषय निघाला की तात्या चहा मागवतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी नजरेतला काटा काही गेला नाही. घरात आलेल्या माणसाला ते आधी तोलतात, मग पाणी विचारतात. आमच्या वहिनींना एकदा म्हणाले, "संक्रांतीपासून चार किलो भरलीस की गं." त्यानंतर दोन महिने वहिनींनी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला.

खिशात छोटी डायरी, तिच्यात त्यांच्या स्प्लेंडरचा बारा वर्षांचा हिशेब. पेट्रोल भरताना नळी आपोआप बंद झाली की हात वर करून ओरडणार, "बस! वरून टाकू नको." पंपावरच्या पोरानं शंभराचा आकडा जुळवायला दोन थेंब जादा टाकले तर त्यांचा महिन्याचा हिशेब बाटतो. करंजी घाट उतरताना ते गाडी बंद करतात. खाली कोणी अडवून कारण विचारलं तर म्हणतात, "उतार फुकट आहे, तो का सोडायचा?" ब्रेक तापतात, घाट धोक्याचा आहे, हे त्यांना सांगून झालंय. डायरीत ब्रेकचा रकाना नाही.

नगरला पाहुणे आले की त्यांना रणगाडा संग्रहालय दाखवायची चाल आहे. 1994 पासून तिथं दोन्ही महायुद्धांतल्या गाड्या आणि रणगाडे उभे आहेत. तात्या सेंच्युरियनपुढे बराच वेळ उभे राहिले. हा रणगाडा एका लिटरला अर्धा किलोमीटरसुद्धा जात नसे, असं कळल्यावर ते कळवळले. "मग लढाईला जाताना भाडं कोण देत होतं?" पुढे त्याच्यात चार माणसं बसत, हेही समजलं. तेव्हा जरा शांत झाले. "म्हणजे माणशी दोनाच्या आत. वाया गेलेली गाडी."

हा 'माणशी' तात्यांचा स्वतःचा शोध. कंपनी सांगते ते गाडीचं ॲव्हरेज. तात्या त्याला माणसांनी गुणतात. स्प्लेंडर सत्तर देते, नवरा-बायको बसले की एकशे चाळीस. मोठी गाडी अठरा देते, पण साहेब एकटाच बसला तर अठराच. सात बसले तर एकशे सव्वीस. पाथर्डी रस्त्याची जुनी काळी-पिवळी लिटरला बारा द्यायची, पण आत चौदा माणसं, म्हणजे एकशे अडुसष्ट! पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांचा हिशेब मात्र ते धरत नाहीत. "ज्या गाडीत डिझेल दुसरा टाकतो, तिचं ॲव्हरेज काढता येत नाही. भागाकारात खाली शून्य येतं."

तर अशा माणसाकडे आम्ही सल्ल्याला गेलो. म्हणजे गेलो नाही. गाडी घ्यायचा विषय घरात निघाला आणि संध्याकाळी तात्या डायरीसकट हजर. घरात डोकी दहा: आई, आत्या, थोरले दादा-वहिनी, आम्ही दोघं, चार पोरं. तात्यांनी सगळ्यांना ओट्यावर रांगेनं उभं केलं, डोळे बारीक केले आणि लिहिलं, 'निव्वळ माल पाचशे वीस किलो.' दादांपुढे त्यांनी कंसात 'ओव्हरलोड' लिहिलं होतं.

मी कंपन्यांचे कागद पुढे केले. एर्टिगा, पेट्रोलवर लिटरला 20.51. इनोव्हा हायक्रॉस, हायब्रीड, 23.24. ट्रायबर, चार मीटरच्या आत आणि तरी सात आसनं, म्हणून जीएसटी अठरा टक्केच. तात्यांनी दशांश चिन्हानंतरचे आकडे बोटानं झाकले. "हे आकडे कुठं काढत्यात माहितीय का? गाडी खोलीत उभी करून रोलरवर चाकं फिरवत्यात. त्या रोलरवर करंजी घाट असतो का? गाडीत मपली आत्या असती का, बाजरीचं पोतं मांडीवर घेऊन?" आत्या आतून म्हणाल्या, "पोतं नव्हतं, पायली होती."

मग इथेनॉल निघालं, आणि तात्या अडचणीत आले. प्रवरानगरला सहकारी कारखान्याचं धुराडं 1950 च्या सुमारास पेटलं तेव्हापासून हा जिल्हा उसावर उभा. आता उसाचं इथेनॉल होतं आणि पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळतं. लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. तात्यांच्या डायरीत ते पडलेलं दिसत होतं. सत्तरचे सदुसष्ट. कोणाला बोल लावायचा? ऊस मपला, काट्यावर तोलला आपण, दर मागितला आपण, मळी गेली ती इथेनॉलला, आणि तीच परत मपल्या टाकीत. बराच वेळ त्यांनी छताकडे पाहिलं. "तीन किलोमीटर शेतकऱ्याला दिले समज," ते म्हणाले. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली सूट.

सीएनजीचं नाव काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. कारण लिटर नाही, किलो! आयुष्यभर तोललेल्या माणसाला तोलून मिळणारं इंधन. त्यातच एर्टिगाच्या सीएनजीचा आकडा किलोला 26.11, सात माणसांनी गुणला की एकशे ब्याऐंशीच्या वर, काळी-पिवळीला मागं टाकणारा. या खेपेला त्यांनी दशांश झाकला नाही. निर्णय तिथंच झाला. आम्ही एक सात आसनी सीएनजी गाडी घेतली, पेढे वाटले, आणि घटस्थापनेला मोहट्याच्या देवीला जायचं ठरवलं.

आदल्या रात्री मागचं दार उघडलं. सामानाच्या जागेत साठ लिटर पाण्याच्या मापाची टाकी आडवी पसरलेली. तिच्यात गॅस मावतो नऊ-दहा किलो. बॅग एकही मावत नाही. ओटीचं ताट, पोरांचे डबे, आईची घडीची खुर्ची, सगळं मांडीवर. वर आसनं सात, डोकी दहा, आणि चाचणीसाठी स्वतः येणारे तात्या अकरावे. "पोरं अर्धी धरा," तात्या म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "पोरं धरते. तात्या, तुम्ही उतरा."

शेवटी आत्याच बोलल्या. 1 जून 1948 ला राज्यातली पहिली एसटी सुटली ती नगर-पुणे, आणि आपण नगरची माणसं गाडी-गाडी काय करत बसलोय?

तात्या गप्प झाले. मग डायरी उघडली. आई पंचाहत्तरच्या पुढे, तिला फुकट. धाकटा चार वर्षांचा, फुकट. आत्या, वहिनी, माझी बायको, दादांची मुलगी यांना बायकांच्या सवलतीत अर्धं. नऊ वर्षांच्याला अर्धं. तात्या स्वतः सत्तरचे, तेही अर्धे. पूर्ण तिकीट फक्त दादांना, मला आणि चौदा वर्षांच्या पोराला. अकरा डोकी, सहा तिकिटं. तात्यांनी खाली दोन रेघा ओढल्या.

माळीवाडा स्टँडवर गाडी लागली तशी ते सगळ्यांत आधी चढून ड्रायव्हरजवळ गेले. "किती पडते?"

"सत्तेचाळीस," ड्रायव्हर म्हणाला.

तात्यांनी दांडा धरला. सत्तेचाळीस? एवढं मोठं धूड? मग ड्रायव्हरनं सांगितलं, एसटीत लिटरवर नाही, दहा लिटरवर मोजतात. म्हणजे लिटरला पावणेपाचच्या आत. तात्या मागं वळले आणि आसनांच्या रांगेतून बोटानं माणसं मोजत निघाले. कंडक्टरनं दोनदा बसायला सांगितलं. करंजी घाट लागला तरी ते उभेच होते, कारण तिसगावला कोण उतरणार आणि कोण चढणार, याचा हिशेब राहिला होता.

उभे धरून चौसष्ट भरली.