चिमणरावांचे पाली शेजारी

विनोदी लेखकावर वाचक एकदा मनापासून हसला, की त्या लेखकाची सुटका नसते. पुढे त्याने गंभीर काही लिहिले, तर लोक पुस्तक हातात घेऊन हसायची जागा शोधत बसतात, आणि ती सापडली नाही की ‘आता पूर्वीसारखं जमत नाही हो त्यांना’ म्हणून मोकळे होतात.

चिंतामण विनायक जोशी यांच्या बाबतीत लोकांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. चिं. वि. म्हटले की त्यांच्या विनोदी कथांतले चिमणराव, काऊ, मोरू, मैना, राघू आणि दणकट गुंड्याभाऊ असे सगळे बिऱ्हाड डोळ्यांपुढे येते. ज्यांनी पुस्तक उघडलेले नाही, त्यांना निदान दूरदर्शनवरचे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे तरी आठवतात. पण हे गृहस्थ पोटापाण्यासाठी काय करत होते? बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवत होते. पुढे संस्थानच्या जुन्या दप्तरांचे कामही त्यांनी पाहिले. पालीची गोडी लागली ती पुण्यात, फर्ग्युसनमध्ये, धर्मानंद कोसंबींकडे.

त्यांचे सर्वांत मोठे पाली काम म्हणजे ‘सद्धम्मप्पकासिनी’. ‘पटिसंभिदामग्ग’ या ग्रंथावर सिंहलद्वीपातल्या महानाम नावाच्या भिक्षूने लिहिलेली ही टीका. चिं. विं.नी ती संपादित केली आणि लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने रोमन लिपीत तीन खंडांत छापली. पहिला खंड 1933चा, शेवटचा 1947चा. हस्तलिखिते समोर मांडायची, एकात एक अक्षर, दुसऱ्यात दुसरे, मग खरा पाठ कोणता ते ठरवायचे आणि उरलेले तळटिपेत घालायचे, असे हे काम. याच वर्षांत चिमणराव भरात होते. 1940 साली तर मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि थिएटरे हसू लागली. त्यांचा जनक मात्र तेव्हा महानामाच्या संगतीत होता. गंमत अशी, की युरोपातल्या आणि श्रीलंकेतल्या पंडितांना हे सी. व्ही. जोशी ठाऊक आहेत, गुंड्याभाऊ नाही. आणि आपल्याला गुंड्याभाऊ ठाऊक आहे, महानाम नाही. एकाच माणसाचे हे दोन वाचकवर्ग समोरासमोर आले, तर नमस्कारही करणार नाहीत.

मला मात्र ही दोन दालने वेगळी वाटत नाहीत. चिं. विं.नी पालीतल्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टीही, मराठीत आणल्या. ‘जातकांतील निवडक गोष्टी’ हे त्यांचे पुस्तक. जातकांतली माणसे नि माकडे पाहा. राजाच्या बागेतली माकडे माळ्याच्या गैरहजेरीत झाडांना पाणी घालायचे पत्करतात. कोणाला किती पाणी लागेल हे मुळाच्या लांबीवरून कळावे, म्हणून एकेक रोपटे उपटून पाहतात. दुसऱ्या एका जातकात बापाच्या टकलावर बसलेला डास मारण्यासाठी आज्ञाधारक मुलगा कुऱ्हाड उचलतो. डास उडून जातो. बापाचे काय झाले, ते सांगायला नको.

ही मदत करण्याची पद्धत ओळखीची वाटते ना? हेतू शुद्ध, उत्साह दांडगा आणि शेवटी सत्यानाश! असाच मदतीला धावणारा गुंड्याभाऊ जातकातूनच आला, असा दावा मी करणार नाही. असे दावे संशोधकांना लखलाभ. पण आयुष्यभर अशा कथांच्या सहवासात राहिलेल्या माणसाला मूर्खपणाचा राग येत नाही, हे चिमणरावांच्या पानोपानी दिसते. चिं. वि. कोणालाही ओरबाडत नाहीत. गडकऱ्यांच्या बाळकरामाची शब्दांची आतषबाजी त्यांच्याकडे नाही, कोल्हटकरांची कोटीबाजीही नाही. आहे ती शांतपणे, सरळ चेहऱ्याने हकीकत सांगण्याची रीत. जातकेही तशीच बोलतात.

तेव्हा एवढेच करा. ग्रंथालयात ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ मागायला गेलात, तर त्याच कपाटात त्यांच्या जातककथा आहेत का, तेही विचारा. ग्रंथपालांनी नवलाने पाहिले, तर घाबरू नका. आणि वाचताना आधी जातके घ्या, चिमणराव नंतर.