निरंक असल्यास निरंक कळवावे

शिक्षणहक्क कायद्याचं 27वं कलम गुरुजींना शाळेबाहेरची तीनच कामं लावू देतं: दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका. कायदा 2009चा. तो लिहिणाऱ्यांना निवडणूक म्हणजे मतदानाचा दिवस वाटला असावा. मतदारयाद्या बारमाही पिकतात, हे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, झालेल्या कुठल्याही बाईंना विचारा. 2021ची जनगणना लांबली, तेवढाच काय तो दिलासा.

तरी शिक्षक अशैक्षणिक कामांबद्दल कुरकुरत राहिले. म्हणून 2024मध्ये महाराष्ट्र शासनाने कोणतं काम शैक्षणिक आणि कोणतं अशैक्षणिक, याची वर्गवारीच करून टाकली. काम काढून घेण्यापेक्षा त्याचा रकाना बदलणं केव्हाही सोपं. दप्तर तेवढंच राहतं आणि तक्रारीला जागा उरत नाही.

त्याच वर्षी पोशाखाचाही आदेश आला. पुरुषांनी फिकट शर्ट गडद पँटमध्ये खोचावा, जीन्स-टीशर्ट नको. शिवाय डॉक्टर-वकिलांसारखं नावाआधी ‘टि’ लावायची सोय. आता टि. गुरुजी शर्ट खोचून पोषण आहाराच्या तांदळाची पोती मोजतात, आधारवरचं नाव आणि पटावरचं नाव जुळेना म्हणून पालकांना तालुक्याला धाडतात आणि रेंज मिळावी म्हणून यू-डायस पोर्टलवर शाळेची माहिती भरायला शाळेमागच्या टेकडीवर चढतात. शर्ट खोचलेला असल्याने प्रतिष्ठेला धक्का लागत नाही.

2022मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून शिक्षकांचे फोटो वर्गात लावायचं फर्मान निघालं, तेव्हा लोक उगाच हसले. फार दूरदृष्टीचा निर्णय होता तो. द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी याद्यांच्या कामाला, दुसऱ्या बाई तालुक्याच्या बैठकीला. वर्गात पूर्णवेळ हजर कोण? फोटोच. पोरंही समजूतदार, चौथीतली मुलगी पहिलीच्यांकडून पाढे म्हणवून घेते. तिला मानधन नाही, पण तिच्यामागे पोर्टलही नाही.

आणि गुणवत्ता? ती तपासायला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत ती पास व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025ला सांगितलं. याच परीक्षेतल्या गैरप्रकारामुळे आपल्या राज्यात 2022मध्ये सात हजारांवर उमेदवार बाद झाले होते, पण तो इतिहासाचा भाग. पेपरात येणार नाही.

आमची शासनाला एकच विनंती. ‘शिकवणे’ हे काम अशैक्षणिक यादीत घाला. शैक्षणिक असल्यामुळेच त्याला कुणी विचारत नाही. एकदा ते अशैक्षणिक झालं, की बघा कसं हलतं! त्याचं अॅप निघेल, नोडल अधिकारी नेमला जाईल, गटशिक्षणाधिकारी रोज आढावा घेतील, आणि सकाळी अकराला केंद्रप्रमुखांचा निरोप ग्रुपवर पडेल:

‘अतितातडीचे. आपल्या शाळेत आज हातच्याची वजाबाकी शिकवली किंवा कसे, याची माहिती सोबतच्या लिंकवर दुपारी दोनपर्यंत भरावी. पाच शाळांची माहिती अद्याप अप्राप्त, ही बाब गंभीर आहे. निरंक असल्यास निरंक कळवावे. वजाबाकी करतानाचा जिओटॅग फोटो जोडावा. फोटोत शर्ट खोचलेला दिसावा.’