पाहुण्यांचं कव्हर

(मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट. दोन घरांच्या मधे लाकडी फळ्यांचं कुंपण. अलीकडे लेकीच्या बाळंतपणाला सांगलीहून आलेल्या मावशी, पलीकडे इथंच मुरलेल्या वहिनी.)

"अहो वहिनी, कोपऱ्यावरच्या घरातला तो नाशिकचा पोरगा काल गाल धरून फिरत होता. काय झालंय त्याला?"

"अक्कलदाढ. डेंटिस्टनं आकडा सांगितल्यापासून जास्तच ठणकतेय म्हणे."

"पण विमा असतोच ना पोरांना? त्याशिवाय व्हिसाच देत नाहीत, असं आमची म्हणत होती."

"आहे की, व्हिसा संपेपर्यंतचा. पण साध्या स्टुडंट कव्हरमध्ये दात नाहीत नि चष्माही नाही. पोरं दाताची कामं तिकडेच उरकून विमानात बसतात, ती काय उगाच? डॉक्टरकडे गेलं तरी सरकारी दरपत्रकात असेल तेवढंच परत. ह्याला ताप आला तेव्हा डॉक्टरनं ९० डॉलर घेतले, परत आले चाळीसेक. कंपनीला थेट बिल लावणारा दवाखाना गाठला असता तर वरचा भुर्दंड वाचला असता."

"मग उपयोग काय त्या विम्याचा?"

"असं नका म्हणू. मध्यरात्री अपेंडिक्सनं आडवं केलं तर? सरकारी हॉस्पिटल, ऑपरेशन, अँब्युलन्स, सगळं येतं त्यात. व्हिक्टोरियात अँब्युलन्स फुकट नाही हो, एका फेरीला हजाराच्या वर डॉलर लागतात."

"जावयांनी माझंही काढलंय, व्हिजिटरचं. शुगर, बीपी सगळं सांगितलंय कंपनीला. मी आपली बिनघोर."

"कशाच्या बिनघोर! राहणार किती?"

"६ महिने."

"आणि जुन्या दुखण्यासाठी हॉस्पिटलात जायची वेळ आली, तर बहुतेक पॉलिसींत आधी १२ महिने थांबायचं."

"म्हणजे मी सांगलीला परत जाऊन ६ महिने झाले की मग इथं आजारी पडायचं?"

"आणि दुखणं जुनं की नवं, हे कंपनीनं नेमलेला डॉक्टर ठरवणार. पॉलिसीच्या आधीच्या ६ महिन्यांत लक्षणं होती असं त्याला वाटलं, की ते जुनंच. मग तुम्हाला ठाऊक असो-नसो."

"अगंबाई! मग तुमच्या पलीकडची ती इटालियन आजी? तीही लेकाकडे पाहुणीच. परवा सरकारी हॉस्पिटलात राहून आली, एक डॉलर दिला नाही म्हणे!"

"तिचं वेगळं. ऑस्ट्रेलियाचा ११ देशांशी करार आहे, त्यात इटली आहे. ब्रिटन, न्यूझीलंड, स्वीडनही. त्यांना गरजेच्या उपचारांपुरतं इथलं मेडिकेअर लागू होतं. आपला देश नाही त्या यादीत."

"फी भरायला मात्र आपली पोरं चालतात!"

(मावशींच्या या बोलण्यावर वहिनींकडे उत्तर नव्हतं. कॅनबेरातही कुणाकडे असेल असं वाटत नाही.)

"बरं, गोळ्या किती आणल्यात?"

"३ महिन्यांच्या. त्याहून जास्त आणू देत नाहीत म्हणे."

"आणि पुढं?"

"इथल्या डॉक्टरकडून लिहून घ्यायच्या. तुमचा तो थेट बिलवाला दवाखाना कुठला? व्हिजिटरचं कार्ड घेतो का, तेही विचारून ठेवा. आणि टाका की दोन काड्या कढीपत्ता कुंपणावरून, दुकानात चिमूटभर पुडीचे किती घेतात मेले!"