काळजी आयोवाची, मत इचलकरंजीत

बेंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहणाऱ्या मराठी पुरोगाम्याला अमेरिकी अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत बर्नी सँडर्स नेमके कुठे घसरले, हे तारीखवार पाठ असतं. ३ फेब्रुवारी २०२० ला आयोवात निकाल कळवणाऱ्या ॲपने मान टाकली (टेस्टिंग कोणी केलं होतं, हा त्याचा पहिला प्रश्न, आणि तो रास्तच). मग न्यू हॅम्पशायर आणि नेवाडा जिंकून सँडर्स सुसाट निघाले, २९ तारखेला साउथ कॅरोलायनात बायडन आडवे आले, ३ मार्चच्या मंगळवारी चौदापैकी दहा राज्यं बायडन यांनी मारली आणि ८ एप्रिलला सँडर्स यांनी गाशा गुंडाळला. आउटर रिंग रोडवर कलामंदिरजवळ गाडी अडकते, तेवढ्या वेळात हे सगळं सांगून होतं आणि वर डेलिगेटांचा हिशेबही मांडून होतो. त्याच माणसाला विचारा, की बाबा, तू राहतोस त्या वॉर्डाचा शेवटचा नगरसेवक कोण होता? लगेच त्याला ऑफिसचा कॉल येतो. आमदाराचं नाव बहुधा सांगता येतं, कारण फ्लेक्सवर फोटो असतो. आणि तुझं मत कुठे, असं विचारलं तर उत्तर इचलकरंजी, बार्शी किंवा कोथरूड यांपैकी कुठलंही येऊ शकतं. मारतहळ्ळी येणं अवघड.

बरं, या मतदारसंघात सँडर्सच्या तोलामोलाचा उमेदवार कधी उभाच राहिला नाही, असंही नाही. मारतहळ्ळी विधानसभेला महादेवपुरात आणि लोकसभेला बेंगळुरू मध्यमध्ये येते. तिथून २०१९ मध्ये प्रकाश राज अपक्ष उभे होते. मराठी प्रेक्षकाला ते 'सिंघम'मधला जयकांत शिक्रे म्हणून माहीत. पडद्यावर खंडणी मागणारा हा माणूस पडद्याबाहेर, सप्टेंबर २०१७ मध्ये पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाल्यावर, सत्तेला जाहीर प्रश्न विचारू लागला आणि १ जानेवारी २०१९ रोजी त्याने निवडणूक लढवण्याची घोषणा केली. निशाणी मिळाली शिट्टी. आम आदमी पक्षाने पाठिंबा दिला, इंग्रजी वाहिन्यांनी मुलाखती घेतल्या आणि फोनवर तर ते निवडून आलेच होते. मतदान होतं १८ एप्रिलच्या गुरुवारी. आदल्या दिवशी महावीर जयंती, दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे आणि त्याला लागून शनिवार-रविवार. लोकशाहीची अशी सत्त्वपरीक्षा निवडणूक आयोगाने घ्यायला नको होती. शहरातलं मतदान ५४ टक्क्यांच्या आसपास अडकलं. २३ मे रोजी निकाल लागला, तेव्हा भाजपचे पी. सी. मोहन यांना ६,०२,८५३, काँग्रेसचे रिझवान अर्शद यांना ५,३१,८८५ आणि शिट्टीला २८,९०६ मतं होती. अनामत वाचवायला एक षष्ठांश मतं लागतात, म्हणजे इथे दोन लाखांच्या घरात. आपल्या तोंडावर सणसणीत चपराक बसली आहे, असं प्रकाश राज यांनी स्वतःच ट्विटरवर लिहिलं. उमेदवार समर्थकांपेक्षा प्रामाणिक निघाला, एवढीच त्या दिवसाची कमाई.

समर्थकांकडे मात्र कारणांची कमतरता नव्हती. पहिलं कारण पैसा. पैशावाचून निवडणूक जिंकता येत नाही, हे खरं. पण पैशाने जिंकता येते, हे तितकंसं खरं नाही, आणि त्याचा पुरावा शेजारच्याच मतदारसंघात पडून आहे. २०१४ ला बेंगळुरू दक्षिणमधून नंदन निलेकणी काँग्रेसच्या तिकिटावर उभे होते. साडेसात हजार कोटींहून अधिक कौटुंबिक मालमत्ता त्यांनी प्रतिज्ञापत्रात दाखवली होती. अनंतकुमार यांनी त्यांना सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी पाडलं. दुसरं कारण उलट्या बाजूने येतं, तेही काँग्रेसवाल्यांकडून: प्रकाश राज यांनी मतं फोडली. मोहन आणि अर्शद यांच्यात ७०,९६८ मतांचं अंतर होतं. शिट्टीचं एकूण एक मत अर्शद यांच्या पारड्यात टाकलं, तरी ४२,०६२ मतं कमी पडतात. मतं फोडण्यासाठीही काही किमान वजन लागतं, आणि तेवढा मान या उमेदवाराला देणं म्हणजे त्याची थट्टाच आहे.

तिसरं कारण ताजं आहे आणि ते बाजूला सारता येत नाही. ७ ऑगस्ट २०२५ रोजी राहुल गांधी यांनी पत्रकार परिषद घेऊन आरोप केला, की २०२४ च्या लोकसभेला एकट्या महादेवपुरात एक लाखाहून जास्त मतं बोगस होती. काँग्रेसचे मन्सूर अली खान ३२,७०७ मतांनी हरले होते आणि महादेवपुरात भाजपची आघाडी लाखाच्या वर होती, त्यामुळे सगळ्या देशाला एकाएकी या विधानसभा मतदारसंघाचा पत्ता सापडला. एका खोलीच्या पत्त्यावर ऐंशी मतदार, हा त्यातला गाजलेला दाखला. आयोगाने आरोप फेटाळला आणि शपथपत्र मागितलं. मारतहळ्ळीतल्या पीजीच्या मालकांना मात्र ऐंशी या आकड्यात फारसं नवल वाटलं नसावं. त्यांच्याकडे गॅलरीतही दोन कॉट असतात. आरोप खरा की खोटा, हे ठरवायला यंत्रणा आहेत, आणि तो खरा असेल तर प्रकार भयंकर आहे. पण तो दोन मोठ्या पक्षांमधला हिशेब आहे. ज्याला अडीच टक्केही मतं मिळाली नाहीत, त्याची अनामत मतचोरीने गेली, असं कोणी म्हणू नये.

उरतं सर्वांत लाडकं कारण: मतदार अडाणी आहे. महादेवपुरासारखा शिकलेल्यांनी गजबजलेला मतदारसंघ देशात शोधून सापडणार नाही, आणि २००८ साली तो अस्तित्वात आल्यापासून तिथून आमदार भाजपचाच झाला आहे. तीनदा अरविंद लिंबावळी, २०२३ ला त्यांच्या पत्नी मंजुळा. शिकलेला माणूस आपोआप पुरोगामी होतो, ही समजूत ज्याने पसरवली त्याने हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिली नसावी. शिवाय शिकलेल्यांना शिकलेला उमेदवारही देऊन झाला आहे. २०१४ ला याच बेंगळुरू मध्यमधून इन्फोसिसचे माजी वित्तप्रमुख व्ही. बालकृष्णन 'आप'तर्फे उभे होते. त्यांना ४० हजारांच्या आसपास मतं पडली. स्वच्छ, हुशार, वर आयटीतले. सोयरीक जुळवताना यापलीकडे काय बघतात? मत देताना मात्र बघतात ते वेगळंच: हा माणूस गेल्या पाच वर्षांत कुठे होता?

आणि खरी गोम इथेच आहे. आपल्याकडचा पुरोगामी उमेदवार राजकारणात येतो तो थेट लोकसभेला. ज्यांच्या नावाने तो आणि त्याचे समर्थक उसासे टाकतात, ते सँडर्स तसे आले नव्हते. सत्तरच्या दशकात व्हरमाँटमध्ये राज्यपातळीवरच्या चार निवडणुका ते एका चिमुकल्या पक्षाकडून लढले आणि चारही वेळा आपटले. मग १९८१ ला बर्लिंग्टन या गावाएवढ्या शहराच्या महापौरपदाला उभे राहिले आणि दहा मतांनी जिंकले. दहा! रस्त्यावरचा बर्फ वेळेवर उचलला जातो की नाही, हे पाहण्यात त्यांची आठ वर्षं गेली. त्यानंतर १९९० ला प्रतिनिधिगृह, २००६ ला सिनेट, आणि पस्तीस वर्षांनी, २०१६ ला, अध्यक्षपदाची पहिली दौड. २०२० च्या मार्चमध्ये त्यांच्या आशा मावळल्या, असं म्हणता येतं ते त्या रीतसर उगवल्या होत्या म्हणून. आणि मावळल्यावरही सिनेटमधली खुर्ची शाबूत होती.

यावर आक्षेप येईल, की गोऱ्या म्हाताऱ्याचं उदाहरण आम्हाला काय कामाचं? ठीक. मग बेळगावचं घ्या. श्री ठाणेदार बेळगावात वाढले, रसायनशास्त्र शिकून अमेरिकेला गेले, उद्योग काढले, बुडाले, पुन्हा उभे राहिले. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र मराठी घरांत भक्तिभावाने वाचलं गेलं. २०१८ ला त्यांनी मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक लढवली. पक्षातला सर्वांत पुरोगामी उमेदवार मीच, असा त्यांचा दावा होता. त्यावर पक्षातल्या पुरोगाम्यांचा विश्वास कमी आणि जाहिरात कंपन्यांचा जास्त होता, कारण एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यांनी पदरची ओतली. सुरुवातीच्या काही पाहण्यांत ते पुढेही होते. ऑगस्टमध्ये निकाल लागला तेव्हा ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्क्यांवर, अब्दुल अल-सय्यद ३० वर आणि ठाणेदार १८ च्या जरा खाली, म्हणजे तिसरे. इथवर गोष्ट प्रकाश राज यांच्यासारखीच आहे. फरक पुढे पडतो. ठाणेदार यांनी डेट्रॉइटला बिऱ्हाड हलवलं, २०२० ला राज्याच्या कनिष्ठ सभागृहात गेले आणि २०२२ ला अमेरिकी काँग्रेसमध्ये. ती प्राथमिक फेरी त्यांनी जेमतेम २८ टक्के मतांवर जिंकली, कारण उमेदवारांची भाऊगर्दी होती. कोणी याला चिकाटी म्हणावं, कोणी पैशाचा माज. एक पायरी खाली उतरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, एवढं दोघांनाही मान्य व्हावं. २०२५ ला मौज अशी झाली, की त्यांच्याच जागेवर त्यांच्याच पक्षातून डॉनव्हन मॅकिनी हे तरुण आमदार सँडर्स यांचा पाठिंबा घेऊन उभे ठाकले. बेळगावचे पुरोगामी अखेर प्रस्थापित झाले. याहून मोठा मान कुठला?

मारतहळ्ळीच्या उमेदवाराला मात्र खाली उतरायचं म्हटलं तरी पायरी कुठे आहे? बेंगळुरू महापालिकेची शेवटची निवडणूक ऑगस्ट २०१५ ला झाली. सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० ला संपली. तेव्हापासून प्रशासक. आधी १९८ चे २४३ वॉर्ड करायचे म्हणून मतदान लांबलं, मग २२५ करायचे म्हणून, आणि शेवटी सप्टेंबर २०२५ ला एका महापालिकेच्या पाच झाल्या. २०२५ सरलं तरी एकीतही नगरसेवक नव्हता. यातली पहिली अडीच-तीन वर्षं भाजपच्या राज्यातली, पुढची काँग्रेसच्या. टिपू सुलतानावर, हिजाबवर, पाण्यावर या दोन पक्षांचं जमत नाही. नगरसेवक नकोत, यावर मात्र विधानसौधात बिनआवाजी एकमत असतं, कारण वॉर्डात दुसरा निवडून आलेला माणूस नसला की गटारापासून फ्लायओव्हरपर्यंत आमदारच मालक. मुंबई-पुणेकरांनी हसू नये. त्यांच्याही महापालिका मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत प्रशासकांनीच चालवल्या.

आता ते २८,९०६ पुन्हा हातात घ्या. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महापालिका हद्दीत ८४ लाख माणसं; १९८ वॉर्डांत वाटली तर वॉर्डाला सरासरी ४२ हजार. त्यातली पोरंटोरं वगळा, मतदानाला न जाणारे अर्धे वगळा, उरलेली मतं तीन-चार उमेदवारांत वाटा. नऊ-दहा हजारांत नगरसेवक होतो. लोकसभेला अनामत घालवणारी मतं दोन-तीन वॉर्डांत पुरून उरली असती. अर्थात ती मतं शिवाजीनगरपासून महादेवपुरापर्यंत आठ विधानसभा क्षेत्रांत विखुरलेली होती, हे मान्य. पण विखुरलेली मतं एका जागी आणायची तर एका जागी राहावं लागतं, टँकर कधी येतो हे माहीत असावं लागतं, आणि प्रचार संपल्यावरही लोकांनी फोन केला तर उचलावा लागतो.

शेवटचा आक्षेप अधिक उच्च पातळीवरचा आहे: आमचा लढा संविधानाचा, तुम्ही आम्हाला गटारं मोजायला सांगता? शिवाय वॉर्डाची निवडणूक म्हणजे जमिनीचा पैसा आणि दंडेली. दुसरा भाग अगदी खरा आहे. लोकसभा मात्र ध्यानधारणेने जिंकली जाते असं नव्हे. पहिल्या भागापुरतं बोलायचं तर मारतहळ्ळीपासून हाकेच्या अंतरावर बेळ्ळंदूरचा तलाव आहे. शहराचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी पिऊन तो रस्त्यावर फेस ओकत आला, आणि २०१७ व २०१८ ला चक्क पेटला. पाण्याला आग लागते तिथे भांडवल, जमीन, जात, नियोजन आणि राज्यसंस्था यांवर व्याख्यान द्यायला संसदेपर्यंत जायची गरज नाही. काठावर उभं राहिलं तरी पुरतं, नाकाला रुमाल लावून.

नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये जोहरान ममदानी महापौरपदी निवडून आले, तेव्हा मारतहळ्ळीत केक कापले गेले असल्यास आश्चर्य नको. ममदानी आधी पाच वर्षं क्वीन्समधल्या एका छोट्या मतदारसंघाचे आमदार होते आणि टॅक्सीवाल्यांच्या कर्जमाफीसाठी उपोषणाला बसले होते, हे आपल्या पुरोगाम्यांनी वाचलंच असणार. वाचनात ते कधी कमी पडत नाहीत. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की २०२९ ला लोकसभा नक्की लढवायची, आणि या खेपेला ॲप चांगलं करायचं.