काय व्हयनं, काय व्हई

ऑगस्ट उजाडला की भुसावळहून मामांचा फोन येतो. आधी खुशाली विचारण्याची पद्धत त्यांच्याकडे नाही. "हतनूरचे 41 दरवाजे उघडले," एवढं बोलून ते थांबतात. पुढचं मला पाठ आहे. हतनूर धरणाचं पाणी तापीतून सारंगखेडा, प्रकाशा करत उकाई धरणात येणार आणि उकाई भरली की सुरतेकडे सुटणार. खानदेशी माणसाचं आणि तापीचं या बाबतीत सारखंच आहे, दोघंही शेवटी सुरतेला येतात. माणसं भुसावळ-सुरत गाडीने येतात आणि उधना, लिंबायत, डिंडोलीत शिरतात. पाणी कुठे शिरेल याचा मात्र नेम नाही.

इतर गावांत लोक सकाळी सोन्याचा भाव बघतात, पावसाळ्यातला सुरतकर उकाईची पातळी बघतो, तीही फुटांत. 345 फूट म्हणजे धरण पूर्ण भरलं. मी रिंग रोडवरच्या कापड मार्केटात मेहताजी, आकडे हाच माझा पोटापाण्याचा धंदा. इतर कुठलाही आकडा वाढला की शेठ खूश होतो. हा एकच असा आहे की तो वाढला की शेठ गोडाऊनमधले ताके वरच्या मजल्यावर हलवतो.

ताण कशाला म्हणायचं आणि चिंता कशाला, हे समजवायला पुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात. आमच्या अहिराणीने ते एका क्रियापदात उरकलं आहे. "काय व्हयनं?" म्हणजे काय झालं. "काय व्हई?" म्हणजे काय होईल. पहिल्या प्रश्नाला उत्तर असतं. वाईट असेल, पण असतं, आणि ते कळलं की हातपाय हलवता येतात. दुसऱ्याला उत्तर नसतं, म्हणून तो माणूस पुन्हा पुन्हा विचारतो. माझ्या आईने तो साठ वर्षं विचारला आहे.

आई म्हणजे चिंतेतली मुरलेली कारागीर. गाडी दहा मिनिटं उशिरा आली तर तिच्या मनात रूळ उखडलेले असत. मी शिंकलो की ती दवाखान्याची फाइल शोधायला लागे. म्हणून 7 ऑगस्ट 2006 च्या सोमवारी मला पुराइतकीच तिची धास्ती होती. आम्ही तेव्हा अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहायचो. उकाईतून सुटणारं पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेलं होतं, आणि बहुतेक शहर पाण्याखाली जाणार होतं. हे आकडे आम्हाला नंतर कळले. त्या वेळी एवढंच कळलं की गटाराचं झाकण उचललं जातंय.

पाणी उंबऱ्याला लागलं आणि आईची चिंता गेली. मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. पदर खोचून तिने हुकूम सोडायला सुरुवात केली. पिठाचा डबा वर, सिलेंडर वर, बाजरीची कोठी दोघांनी धरा, घरभाड्याचे आणि शाळेचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत. "टीव्ही राहू दे, लोणच्याची बरणी घे!" आवाजात कंप नाही, एक पायरी चुकली नाही. आणि मी? घरातला शांत, समजूतदार, हिशेबी माणूस? गुडघाभर पाण्यात मी टीव्हीचा रिमोट तेवढा वाचवला. टीव्ही बुडाला. रिमोट अजून आहे.

पुढचे दिवस गच्चीवर गेले. हेलिकॉप्टरमधून खाण्याची पाकिटं पडत होती. 9 तारखेला राखी होती, बहिणीला यायला रस्ताच नव्हता. वरच्या मजल्यावरच्या बेननी साडीच्या काठातला जरीचा धागा उसवून माझ्या मनगटाला बांधला. पाणी ओसरल्यावर आईने कमरेत वाकून गाळ काढला, भिंती धुतल्या, आणि दहाव्या दिवशी स्वच्छ फरशीवर बसून चहाचा पहिला घोट घेतल्यावर म्हणाली, "आते काय व्हई रे, बापू?" तिची चिंता परत कामावर रुजू झाली होती. त्याच दिवशी माझीही झाली. तिची जुनी, माझी कोरी.

माझे वडील उधन्याला खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, माग चालवायचे. मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर प्रयोग करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी 1936 साली शरीरावरच्या ताणाचं शास्त्र मांडायला घेतलं आणि पुढे त्याला पदार्थविज्ञानातला 'स्ट्रेस' हा शब्द चिकटवला. वडिलांना त्यासाठी मॉन्ट्रियलला जावं लागलं नाही. ताणा ढिला पडला तर कापड विणलं जात नाही, फार ओढला तर तार तुटते. तुटली की माग थांबवायचा, गाठ मारायची, माग पुन्हा चालू. थोडा ताण हवाच, नाहीतर ताका उतरणार कसा? चिंतेत मात्र एकही तार तुटलेली नसते आणि माणूस माग थांबवून तुटलेली तार शोधत बसतो.

पूर्ण शहर असं शोधत बसलेलंही सुरतेने पाहिलं आहे. 1994 च्या सप्टेंबरात प्लेगाच्या बातमीने लाखो माणसं शहर सोडून पळाली, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं. आजार खरा होता, पण त्याच्यापेक्षा अफवा जोरात धावत होत्या. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी "काय होईल" म्हणणाऱ्या शहराच्या हातात झाडू दिला. चिंतेवर याहून स्वस्त औषध मला तरी माहीत नाही, पण ते दर वेळी लागू पडत नाही. उकाई मी झाडून काढू शकत नाही.

गेल्या काही वर्षांत माझं दुखणं वाढलं. पहाटे तीनला छाती धडधडायची, तळव्यांना घाम यायचा. ईसीजी स्वच्छ निघाला. मग एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं,

"मेहताजी, पाणी आत्ता कुठे आहे?"

"उकाईत."

"आणि तुम्ही राहता कुठे?"

"सातव्या मजल्यावर."

ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, शरीराला यातला फरक कळत नाही. पाणी उंबऱ्याशी असो की डोक्यात, धडधड तीच, घाम तोच. ताण बहुधा कारण सरलं की सरतो. चिंतेला कारण लागतंच असं नाही, एक संपलं की ती दुसरं धरते. सहा महिने बहुतेक दिवस ती पाठ सोडत नसेल, झोप आणि काम बिघडवत असेल, तर तो स्वभाव म्हणून सोडून द्यायचा नाही, तो आजार आहे, आणि बोलण्याच्या उपचारांनी, लागलं तर गोळ्यांनी, आटोक्यात येतो.

मी ते माझ्या भाषेत लिहून घेतलं. ताण म्हणजे रोजमेळ, आज आलं-गेलं ते आज लिहायचं. चिंता म्हणजे संशयित बुडीत येण्यांची तरतूद. तीही ठेवावी लागतेच, पण माझ्या वहीत तरतूद भांडवलापेक्षा मोठी झाली होती. असा ताळेबंद कुठला सीए पास करेल?

ताणाचं मला आता बऱ्यापैकी जमतं. दिवाळीआधी मार्केटात पार्सलांचे ढीग लागतात, तेव्हा मी पुढची एकच बिल्टी बघतो, जमणार नाही ते शेठला तोंडावर सांगतो आणि रात्री झोपतो. चिंतेसाठी डॉक्टरांनी वेळ ठरवून दिली. संध्याकाळी 6 ते 6.20. दिवसभरात जी चिंता येईल ती चिठ्ठीवर लिहायची आणि तिला सांगायचं, सहाला ये. सहाला गॅलरीत बसून चिठ्ठ्या वाचायच्या. हाताने करण्यासारखं असेल ते करून टाकायचं. कागदपत्रांची पिशवी आणि बॅटरी तेव्हापासून दाराशी लटकलेली आहे. उरलेल्यासाठी श्वास सावकाश, सोडताना जास्त लांब. उकाईची पातळी दिवसातून एकदाच बघायची.

पहिल्या आठवड्यात मला स्वतःचीच लाज वाटली. घड्याळ लावून कोणी चिंता करतं का? शिवाय सहा वाजले की नेमकी एकही चिंता येईना. दुपारी भिंत कोसळवणारी चिठ्ठी संध्याकाळी वाचली तर किराण्याची यादी वाटे. बायको आतून विचारायची, "झाली का चिंता? चहा टाकू?" कधी कोपऱ्यावरून लोचो आणला जाई, आणि त्या वासापुढे 345 फूटही थोडे खाली उतरत.

सगळं मिटलं असं मात्र नाही. परवा मामांचा फोन आला तेव्हा हात थंड पडलेच. पण चिठ्ठी लिहिली आणि मार्केटात गेलो. पाचच्या सुमाराला आईचा फोन. ती आता धाकट्याकडे डिंडोलीत असते. "मामाचा फोन आला होता. आते काय व्हई रे, बापू?"

म्हटलं, "आई, सहा वाजता सांगतो."

"सहाला मी देवळात असते," ती म्हणाली. "माझी पण तूच करून ठेव."

त्या दिवशी मी 6.40 पर्यंत बसलो.